आचारी, आचार्य आणि एक बग

गॅदरिंगच्या आठवड्यातली गोष्ट. मेस कमिटीच्या नोटिसा टाइप करण्याचे काम माझ्याकडे होते. मजकूर अगदी साधा : ‘मेसच्या आचाऱ्यांना सूचना – स्वयंपाक करताना डोक्याला टोपी घालावी व भाजीत तिखट बेताने टाकावे.’ रात्री टाइप केले, सकाळी प्रिंट काढली, न वाचताच बोर्डावर लावली आणि लेक्चरला पळाले. दुपारी परत येते तर बोर्डासमोर ही गर्दी! आमचे एक सर चष्मा वर करून शांतपणे विचारत होते, ‘‘टोपी कुठल्याही रंगाची चालेल ना?’’

नोटिशीवर छापले होते – ‘मेसच्या आचार्यांना सूचना’.

आचारी म्हणजे स्वयंपाकी, आचार्य म्हणजे गुरू. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत फरक एवढाच, की पहिल्यातला अर्धा र झोपलेल्या चंद्रकोरीसारखा य ला चिकटतो आणि दुसऱ्यातला रफार होऊन डोक्यावर बसतो. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे आधी वाटलं की चूक माझ्याच शुद्धलेखनाची असणार. पण नाही. रात्रीची फाइल जुन्या कॉम्प्युटरवर उघडली तर शब्द बरोबर होता. ज्या मोफत, ओपन सोर्स लेखन-सॉफ्टवेअरमध्ये ती सकाळी उघडून सेव्ह केली, त्याने मधल्यामध्ये आचाऱ्यांना प्रमोशन दिले होते!

पुढच्या दोन महिन्यांत या एका अक्षराच्या मागे लागून मी जे शिकले, ते कुठल्याही सेमिस्टरला नव्हते. सॉफ्टवेअरमधल्या चुका आणि लोकांच्या मागण्या यांची नोंद कशी करतात, त्यांची वर्गवारी कोण करतो, आणि त्या ढिगाऱ्यातून खरी चूक वर कशी येते, हा या लेखाचा विषय आहे. विषय कोरडा वाटेल, पण मेसची तक्रारवही ज्याने एकदा तरी चाळली आहे, त्याला तो लगेच समजेल.

माझी पहिली तक्रार

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर. अशा प्रकल्पांची एक सार्वजनिक तक्रारवही असते. कोणीही खाते उघडून त्यात लिहू शकतो. मी लिहिले, तेही रागाच्या भरात :

‘मराठी नीट दिसत नाही. खूप गंभीर प्रॉब्लेम आहे. लवकर दुरुस्त करा.’

चार दिवसांनी उत्तर आले – कोणती आवृत्ती? कोणती ऑपरेटिंग सिस्टीम? नक्की काय केल्यावर काय होते? आमच्या युनिट टेस्ट चालू होत्या, मी उत्तर दिले नाही. महिन्याने पाहते तर तक्रार ‘इन्कम्प्लीट’, म्हणजे ‘अपुरी’, असा शिक्का मारून बंद केलेली. मला भयंकर राग आला. इतका मोठा अपमान! मी तो राग हॉस्टेलमधल्या एका सीनियर ताईपुढे काढला. ती स्वतः अशा एका प्रकल्पात तक्रारी चाळायचे काम करते. तिने माझी तक्रार मोठ्याने वाचली आणि मेसची वही उघडून माझ्यासमोर ठेवली.

वहीत एका पानावर लिहिले होते – ‘जेवण बरोबर नाही.’ त्याखाली – ‘मंगळवारी रात्रीच्या दुसऱ्या पंगतीला भात कच्चा होता, पहिल्या पंगतीला नव्हता.’

‘‘आता तू मेसची सेक्रेटरी आहेस,’’ ताई म्हणाली, ‘‘यातलं कुठलं वाचून तू उठून स्वयंपाकघरात जाशील?’’

मी गप्प बसले. दुसरी तक्रार वाचून तर मलाच कळत होते, की दुसरे पातेले उशिरा चढले असणार. पहिलीतून एवढेच कळत होते, की कोणीतरी रागावले आहे.

पतंगाचा धडा

‘बग’ या शब्दाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड मार्क २ या संगणकाच्या एका रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून टाकला. ‘बग’ हा शब्द यंत्रातल्या दोषासाठी त्याच्याही आधीपासून वापरात होता, थॉमस एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रात तो आहे. त्यामुळे शब्दाचा जन्म त्या दिवशी झाला असे म्हणणे बरोबर नाही.

पण ती नोंद मला वेगळ्या कारणासाठी आवडते. त्यात वेळ लिहिली आहे – १५४५, म्हणजे दुपारचे पावणेचार. जागा लिहिली आहे – पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०. आणि पुरावा सोबत टेपने चिकटवला आहे. कधी, कुठे, काय आणि हा घ्या नमुना! ‘मशीन नीट चालत नाही, लवकर दुरुस्त करा’ असे त्यात कुठेही नाही. ती वही आजही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. चांगली बग-नोंद कशी असावी याचा नमुना म्हणून ती प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

थोडक्यात सांगायचे तर चांगल्या नोंदीत पाच गोष्टी लागतात. एक, कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या सिस्टीमवर. दोन, काय काय केले, पायरी-पायरीने. तीन, काय व्हायला हवे होते. चार, प्रत्यक्षात काय झाले. पाच, ज्यावर हे घडते ती लहानात लहान फाइल. यातली तिसरी गोष्ट आपण नेहमी विसरतो, कारण आपल्याला ती उघड वाटते. पण कोड लिहिणारा माणूस मराठी वाचणारा नसेल, तर रफार आणि चंद्रकोर यांतले बरोबर कोणते, हे त्याला कसे कळणार?

पाचव्या गोष्टीसाठी मला अख्खी संध्याकाळ लागली. माझी नोटीस दोन पानांची होती. अर्धा मजकूर काढला, चूक होतीच. पुन्हा अर्धा काढला, तरी होती. टेबल काढले, ठळक अक्षरे काढली, पानाचा आकार बदलला. शेवटी फाइलमध्ये एकच शब्द उरला : आचाऱ्यांना. उघडा, सेव्ह करा, पुन्हा उघडा – आचार्यांना. एवढेच.

‘आमच्याकडे तर चालते!’

नवी नोंद केली. पायऱ्या लिहिल्या, स्क्रीनचे चित्र लावले, पण ती एका शब्दाची फाइल मात्र जोडायला विसरले. दोन दिवसांत उत्तर आले – आम्ही हाच शब्द टाइप करून पाहिला, सेव्ह करून पाहिला, आमच्याकडे बरोबर दिसतो. शिक्का : ‘वर्क्स फॉर मी’.

आता मात्र मी रागावले नाही, गोंधळले. तोच शब्द, तेच सॉफ्टवेअर, तरी निकाल वेगळा कसा? ताईने माझी फाइल अशा एका साधनात उघडली, जे प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक दाखवते. तेव्हा उलगडा झाला. पडद्यावर सारखाच दिसणारा हा शब्द आत दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ असतो, मग हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. या जोडचिन्हाला ‘झीरो विड्थ जॉइनर’ म्हणतात, त्याचा क्रमांक यू+२००डी. त्याची रुंदी शून्य. ते डोळ्यांना दिसत नाही, पण ‘इथे रफार करू नकोस, अर्धा र ठेव’ असा निरोप ते फाँटला देते. ते काढून टाकले की उरतात र, हलन्त आणि य, आणि त्यांचा नियमाप्रमाणे रफार होतो!

माझा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा होता. तिकडच्या माणसाने पहिल्या पद्धतीने टाइप केले होते. म्हणजे तो खोटे बोलत नव्हता, आळसही करत नव्हता. त्याच्याकडे खरोखरच चालत होते. मी फाइल जोडली असती तर ही फेरी वाचली असती. ‘वर्क्स फॉर मी’ या शिक्क्याचा अर्थ ‘तू खोटी’ असा नसून ‘तुझ्या आणि माझ्या परिस्थितीत काहीतरी फरक आहे, तो शोध’ असा असतो, हे मला तेव्हा कळले. फाइल जोडली, क्रमांक लिहिले, आणि त्याच रात्री शिक्का बदलला : ‘कन्फर्म्ड’.

तक्रारीचा प्रवास

हे शिक्के येतात कुठून? नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड ३१ मार्च १९९८ रोजी जगासाठी खुला केला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी टेरी वाइसमन यांनी लिहिलेली ‘बगझिला’ ही तक्रारवहीसुद्धा खुली झाली. आधी ती टीसीएल भाषेत होती, मग पर्लमध्ये आली. मोझिलाच्या वहीतल्या नोंदींनी दहा लाखांचा आकडा केव्हाच ओलांडला आहे. एवढ्या नोंदी कोणी वरून खाली वाचत बसेल का? म्हणून प्रत्येक नोंदीची एक अवस्था ठरवावी लागते.

बगझिलाच्या जुन्या पद्धतीत नवी नोंद आधी ‘अनकन्फर्म्ड’ असते. कोणी खात्री केली की ‘न्यू’, कोणी हातात घेतली की ‘असाइन्ड’, निकाल लागला की ‘रिझॉल्व्ह्ड’ आणि दुसऱ्या कोणी तो निकाल तपासला की ‘व्हेरिफाइड’. निकालही एकाच प्रकारचा नसतो. ‘फिक्स्ड’ म्हणजे दुरुस्त, ‘डुप्लिकेट’ म्हणजे ही आधीच नोंदलेली आहे, ‘इनव्हॅलिड’ म्हणजे ही चूकच नाही, ‘वोन्ट फिक्स’ म्हणजे चूक असेल पण आम्ही बदलणार नाही, आणि ‘वर्क्स फॉर मी’ तर तुम्हाला माहीत आहेच. पुढे २०११ साली आलेल्या बगझिला ४.० मध्ये ‘न्यू’ आणि ‘असाइन्ड’च्या जागी ‘कन्फर्म्ड’ आणि ‘इन प्रोग्रेस’ ही जास्त सरळ नावे आली.

या छाननीला ‘ट्रायाज’ म्हणतात. शब्द इस्पितळातला आहे. अपघाताचे दहा रुग्ण एकदम आले की आधी कोणाला हात लावायचा, हे ठरवण्याची ती पद्धत. गंमत म्हणजे ट्रायाज करायला कोड लिहिता यावा लागत नाही. नोंद वाचायची, पायऱ्या स्वतः करून बघायच्या, अपुरी असेल तर नम्रपणे विचारायचे, आणि योग्य खणात ठेवायची. माझी ताई नेमके हेच करते. तिने त्या प्रकल्पात कोडची एकही ओळ लिहिलेली नाही, पण तिथल्या लोकांचे तिच्यावाचून अडते.

किती गंभीर आणि किती तातडीचे

मी पहिल्या तक्रारीत ‘खूप गंभीर’ असे लिहिले होते. ज्याचा दात दुखतो त्याला तोच जगातला सर्वांत मोठा आजार वाटतो. म्हणून गांभीर्य मोजायला आपल्या रागापेक्षा वेगळी पट्टी लागते.

डेबियन या लिनक्स वितरणाची पट्टी मला सगळ्यांत समजायला सोपी वाटली. तिच्यात सात पायऱ्या आहेत : क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर आणि विशलिस्ट. पॅकेजमुळे दुसरीच सॉफ्टवेअर मोडली किंवा मोठ्या प्रमाणावर माहिती नष्ट झाली तर क्रिटिकल. ते पॅकेजच निरुपयोगी झाले तर ग्रेव्ह. डेबियनचे लिखित नियम गंभीरपणे मोडले तर सीरियस. या वरच्या तीन पायऱ्यांना ‘रिलीज क्रिटिकल’ म्हणतात, कारण त्या असताना ते पॅकेज स्थिर आवृत्तीत जाऊ शकत नाही. आणि सर्वांत खालची पायरी, विशलिस्ट, ही चुकांची नसून इच्छांची.

गांभीर्य आणि तातडी या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गांभीर्य म्हणजे नुकसान किती, तातडी म्हणजे आधी काय हातात घ्यायचे. समजा, वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर प्राचार्यांचे नाव चुकीचे छापले गेले. त्याने कोणाचे काही मोडत नाही, पण छपाईच्या आत ते सुधारलेच पाहिजे. उलट, गच्चीवरच्या टाकीला तडा आहे, पण पाणी अजून भरलेलेच नाही. नुकसान मोठे होऊ शकते, तरी आज रात्री कोणाला उठवायची गरज नाही. गांभीर्य तक्रार करणारा पुराव्यासह सांगू शकतो, तातडी मात्र काम करणाऱ्यानेच ठरवावी. दोघांनी एकमेकांच्या रकान्यात ढवळाढवळ केली की भांडण ठरलेलेच.

आणि हो, जुनी नोंद म्हणजे दुर्लक्षित नोंद असेही नाही. फायरफॉक्समध्ये माहितीची छोटी चौकट, म्हणजे टूलटिप, खिडकी बदलली तरी दुसऱ्या प्रोग्रामवर तशीच तरंगत राहायची. ही चूक २००२ साली नोंदवली गेली होती, आणि दुरुस्त झाली २०२३ साली! एकवीस वर्षे ती नोंद वहीत जागा धरून होती, म्हणूनच नव्याने आलेल्या माणसाला ती सापडली. नोंदच नसती तर त्याला कोण सांगणार होते?

मागणी कशी करावी

चूक म्हणजे ‘जे होईल असे सांगितले ते होत नाही’. मागणी म्हणजे ‘जे नाही ते हवे’. दोन्ही एकाच वहीत येतात आणि गोंधळ इथेच सुरू होतो. मराठी शुद्धलेखन तपासणी चुकीच्या शब्दाला बरोबर म्हणाली तर तो बग. शुद्धलेखन तपासणीच नसेल आणि ती हवी असेल तर ती मागणी. मागणीला बग म्हणून रंगवले, की खरे बग मागे पडतात.

मागणी करताना आपण बहुतेक वेळा उपाय मागतो, अडचण सांगत नाही. आमच्या हॉस्टेलच्या वहीत बावीस जणींनी ‘नवा गीझर लावा’ असे लिहिले होते. रेक्टर मॅडमनी एकीला बोलावून विचारले, नक्की काय होते? तेव्हा कळले, की साडेसहाला मेस सुरू होते, त्याच वेळी सगळ्या अंघोळीला जातात आणि पाणी संपते. मॅडमनी गीझर अर्धा तास आधी चालू करायला सांगितला. प्रश्न मिटला, खर्च शून्य. बावीस मागण्यांमधून जे कळले नाही, ते एका अडचणीतून कळले.

सॉफ्टवेअरमध्येही तसेच. ‘इथे एक बटण द्या’ असे न लिहिता ‘रोज पन्नास फाइलींची नावे बदलावी लागतात, हाताने एक तास जातो’ असे लिहावे. उपाय सुचवायला हरकत नाही, पण तो दुसऱ्या परिच्छेदात. कारण प्रत्येक नवी सोय म्हणजे जन्मभराचा सांभाळ असतो. ती लिहायला एक रविवार लागतो, पण पुढच्या प्रत्येक आवृत्तीत ती तपासावी लागते, तिची माहिती लिहावी लागते, भाषांतरे करावी लागतात. म्हणून चांगला प्रकल्प ‘नाही’ म्हणायला शिकतो, आणि कारण देऊन म्हणतो. कारण न देता दिलेला नकार सहा महिन्यांनी नवी तक्रार होऊन परत येतो.

कधी कधी मागणी इतकी मोठी असते, की ती एका नोंदीत मावतच नाही. उबुंटूच्या वहीतली पहिली नोंद मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली केली होती. चूक काय, तर बाजारात मायक्रोसॉफ्टचे वर्चस्व आहे! ती २०१३ साली बंद झाली. घोषणा म्हणून ती छानच होती, पण अशी नोंद कोणी एकट्याने सोमवारी सकाळी हातात घेऊ शकत नाही. आपल्या मागणीबद्दल हा प्रश्न स्वतःला विचारून बघा : हे वाचून कोणाला आज सुरुवात करता येईल का?

गुन्हेगार कोण?

आता आपल्या आचाऱ्यांकडे वळू. जुन्या आवृत्तीत शब्द टिकत होता, नव्यात मोडत होता. आधी चालणारी गोष्ट नंतर मोडली तर तिला ‘रिग्रेशन’ म्हणतात, आणि अशा बगचा एक फायदा असतो : गुन्हेगार दोन आवृत्त्यांच्या मध्येच कुठेतरी लपलेला असतो. आमच्या बाबतीत मध्ये सुमारे ५०० बदल होते. एकेक तपासायचा तर आठवडा गेला असता. पण सेकंड इयरला शिकलेला बायनरी सर्च इथे कामाला आला. मधला बदल घ्या, चालतो का बघा. चालत असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. पुन्हा अर्धे. दोनाचा नववा घात ५१२, म्हणून ९ चाचण्यांत ५०० बदलांमधला नेमका एक सापडतो. ‘गिट’मध्ये यासाठी ‘बायसेक्ट’ नावाची आज्ञाच आहे. परीक्षेला चार मार्कांसाठी पाठ केलेली गोष्ट खरोखर चालते, हे पाहून मला उगाचच भरून आले.

नवव्या चाचणीत तो बदल सापडला. आणि तो एक मागणी पूर्ण करण्यासाठी केलेला होता!

कोणीतरी लिहिले होते, की दुसरीकडून मजकूर चिकटवला की त्यात अदृश्य अक्षरे येतात आणि मग शब्द शोधला तर सापडत नाही. अडचण खरी होती, मागणी नीट लिहिलेली होती. एका स्वयंसेवकाने फाइल उघडतानाच सगळी शून्य रुंदीची अक्षरे काढून टाकली. त्याच्या भाषेत त्यांची गरज नव्हती. आमच्या भाषेत होती.

मग ताईने वही पुन्हा चाळली. एका फारसी लिहिणाऱ्याची तक्रार होती, की शब्दांचे भाग विनाकारण जोडले जातात. फारसीत अशाच एका अदृश्य चिन्हाने शब्दाचे भाग वेगळे ठेवतात. आणखी एकाने लिहिले होते, की कुटुंबाचा इमोजी सेव्ह केला की फुटतो आणि आई, बाबा, मुलगी वेगवेगळे उभे राहतात. तो इमोजीसुद्धा याच जोडचिन्हाने बांधलेला असतो! तीन नोंदी, तीन वेगळी लक्षणे, तीन वेगळे खण – भाषा, टंक, चित्रे. तिन्हींचा रोग एकच. ताईने तिन्ही एकमेकींना जोडल्या, मूळ मागणीलाही जोडल्या, आणि मथळा बदलून लिहिला : फाइल उघडताना जोडचिन्हे नष्ट होतात. ‘मराठी नीट दिसत नाही’ ही एका कोपऱ्यातल्या भाषेची कुरकूर होती. आता ती मजकूर नष्ट होण्याची चूक झाली, आणि तिचे गांभीर्य आपोआप दोन पायऱ्या वर गेले. डुप्लिकेट शोधायचे ते लक्षणावरून नाही, कारणावरून, हा या सगळ्यातला सर्वांत मोठा धडा.

वहीच्या पलीकडची माणसे

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. सगळ्याच चुका उघड वहीत लिहायच्या नसतात. ज्या चुकीने कोणी चोर घरात शिरू शकेल, ती आधी प्रकल्पाच्या सुरक्षा गटाला खासगीत कळवायची, आणि दुरुस्ती तयार झाली की जाहीर करायची.

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आले, की त्यांच्या मशीनवर एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो. अर्धा सेकंद! आपण पंखा चालू करून पाणी प्यायला गेलो असतो. त्यांनी माग काढला, तर ‘एक्सझेड’ नावाच्या एका छोट्या, पण जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा निघाला. त्यांनी आधी खासगीत कळवले, आणि २९ मार्चला सविस्तर नोंद जाहीर केली. ती पतंगाच्या नोंदीइतकीच नेमकी होती.

पण तो चोरदरवाजा आत आला कसा? ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे एकच माणूस, विनामोबदला, सांभाळत होता. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे लकडा लावला – काम किती हळू चालले आहे, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. तो थकलेला होता, तब्येतीने त्रासलेला होता. मदतीला धावून आलेल्या एका ‘सज्जना’च्या हाती हळूहळू अधिकार गेले, आणि पुढे त्याच नावाने ते विष पेरले गेले.

हे वाचले आणि मला माझी पहिली तक्रार आठवली. ‘लवकर दुरुस्त करा.’ माझ्या मनात अर्थातच काही काळेबेरे नव्हते. पण वहीच्या पलीकडे बसलेल्या माणसाला माझे मन दिसत नाही, फक्त वाक्य दिसते. तो दिवसभर नोकरी करून रात्री जेवण झाल्यावर वही उघडतो, आणि त्याला तीन शब्दांचा हुकूम सापडतो. तोही आपल्यासारखाच कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी मुलगी. आपण त्याची संध्याकाळ मागतो आहोत, हे लक्षात ठेवून लिहिलेली तक्रार आपोआपच नीट होते.

शेवट

आमचा बग अकरा दिवसांनी दुरुस्त झाला. जोडचिन्हे आता फाइलमध्ये तशीच राहतात, फक्त शोधताना ती बाजूला ठेवतात. म्हणजे त्या पहिल्या मागणीवाल्याचेही काम झाले आणि आमचेही. मला तपासायला सांगितले, मी तपासले आणि ‘व्हेरिफाइड’चा शिक्का मीच मारला. शिवाय ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी एक स्वयंचलित चाचणी लिहिली. कोडमध्ये कोणताही बदल झाला, की ती आधी एक शब्द उघडते, सेव्ह करते, पुन्हा उघडते आणि तो तसाच आहे ना, ते बघते. तो शब्द आहे – आचाऱ्यांना.

मी हे मेसमधल्या काकांना सांगितले. ते पोळी उलटता उलटता म्हणाले, ‘‘म्हणजे आमचं नाव लागलं म्हणायचं कुठंतरी. बरं झालं. पण ती टोपी फार गरम होते गं, ते कुठं लिहायचं?’’

मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, ‘‘इथेच लिहा, काका. फक्त कधी, कुठे आणि किती गरम, तेवढं लिहा.’’